उगवता चंद्र मोठा आणि तांबूस का दिसतो?

प्रश्न : रावेरकडे पौर्णिमेला केळीच्या बागांमागून वर येणारा चंद्र परातीएवढा आणि तांबूस दिसतो, मध्यरात्री तोच लहान व पांढरा का होतो? (एक वाचक, जि. जळगाव)

उत्तर : आकारातील वाढ हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. चंद्राचा कोनीय व्यास (म्हणजे त्याच्या दोन कडा डोळ्याशी करतात तो कोन) दोन्ही वेळी सुमारे अर्धा अंशच असतो; किंबहुना, क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, अधिक दूर असल्याने किंचित लहानच भरतो. हात लांब करून करंगळी आडवी धरावी. दोन्ही वेळी ती चंद्राला सहज झाकते, आणि हा पडताळा प्रत्येकाने घ्यावाच. रंग मात्र खरोखर बदलतो, कारण क्षितिजालगत प्रकाशाला हवेचा कितीतरी जाड थर पार करावा लागतो, त्यात निळा प्रकाश विखुरतो आणि तांबडा-पिवळा तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हवेत धूळ असल्यास ही छटा अधिकच गडद होते.