आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय. टेस्टमध्ये 300 पैकी जुलैत 150 होते, सप्टेंबरात 118, आता 104. केमिस्ट्रीत तर 14. दिवाळीत लॅपटॉप घेऊन दिला, तर रात्री दीड-दीडपर्यंत प्रोग्राम लिहून जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखा हलता जाळ पडद्यावर पेटवत बसतो. ज्वाळा डावीकडे झुकते म्हणून दोन रात्री घालवल्या. ‘तुझ्यावर अडीच लाख ओतलेत’ असं सुनावून मी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप घातलं. चार दिवस तो बोलत नाही. आधी आयआयटी, मग हे खेळ, हे त्याला कसं पटवू?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. 104 गुणांपेक्षा ‘चार दिवस तो बोलत नाही’ हे वाक्य मला जास्त टोचलं. त्यावरून तुम्ही पुढच्याच ओळीत आयआयटीवर गेलात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला अडीच लाखांचा हिशेब ऐकवला की त्याला एवढंच कळतं, की घरात आपण खर्चाच्या बाजूला आहोत. हे त्याच्याजवळ बसून मागे घ्या. ‘रागात बोललो, चुकलं माझं’ एवढं पुरेल.

आणि तुमचेच आकडे पुन्हा बघा. गुण जुलैपासून उतरतायत, लॅपटॉप दिवाळीत आला. मग दोष जाळाचा कसा? घसरण सुरू झाली तेव्हा त्याला केमिस्ट्रीत काय कळेनासं झालं, हे कुणी विचारलं का?

आता तुमचा गैरसमज. हा खेळ आहे आणि तो गणिताच्या आड येतो, असं तुम्ही धरून चाललात. 1995 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘डूम’ या व्हिडिओ गेममध्ये असाच जाळ होता. त्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंगांच्या फक्त 37 पायऱ्या. सगळ्यात खालची ओळ पांढरी ठेवायची. वरच्या ओळीतला ठिपका खालच्याची धग, म्हणजे रंगाच्या पायरीचा आकडा घेतो, त्यातून 0 किंवा 1 वजा होतो आणि तो किंचित बाजूला सरकतो. एवढ्यावर ज्वाळा नाचते. दर ओळीला सरासरी अर्धी पायरी उतरते, म्हणून पांढऱ्याचं काळं व्हायला साधारण 72 ओळी लागतात; ज्वाळेची उंची इथून येते. डावीकडे झुकण्याचं कारण बहुधा असं: सरकण्यासाठी 0, 1, 2 यांतला एक आकडा काढला आणि तो जागेतून नुसता वजा केला, तर प्रत्येक ओळीला सरासरी एक ठिपका डावीकडे जातो. तिथे 1 मिळवला की सरासरी शून्य होते आणि ज्वाळा सरळ उभी राहते. अहो, ही संभाव्यता आहे, जेईईच्या अभ्यासक्रमातली! तुमचा मुलगा दोन रात्री तीच सोडवत होता, आणि उत्तर चुकलं की पडदा त्याला लगेच दाखवत होता. क्लासच्या टेस्टमध्ये हे सुख नाही.

याचा अर्थ जाळावर करिअर होतं असा नाही. हा प्रोग्राम शंभरेक ओळींचा असतो, आणि कॉम्प्युटरच्या कुठल्याही चांगल्या वाटेवर गणित टाळता येणार नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगते. रात्री दीडपर्यंत जागणंही मला मान्य नाही. संध्याकाळचा एक तास ठरवा, साडेदहाला लॅपटॉप बंद. पण तो तास मात्र त्याचा, त्यात डोकावून ‘झालं का’ विचारायचं नाही.

वाटा तुम्हाला माहीत आहेत: जेईई, एमएचटी-सीईटी, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए; आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीला तर जेईईही लागत नाही. त्यातली कुठली, हे आज ठरवू नका.

आज लॅपटॉप परत द्या आणि त्याला म्हणा, ‘तो जाळ मला दाखव, आणि डावीकडे का झुकत होता ते समजावून सांग.’ मध्ये बोलू नका. केमिस्ट्रीचं दोन दिवसांनी विचारा. आणि पुढच्या पत्रात त्याच्या स्वतःच्या हातच्या चार ओळी असू द्या, मला त्याच्याशी बोलायचंय.