“मॅडम, केस नको, फक्त समज द्या”

नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन आलेल्या बायका खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून टाकतात. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “पोलिसांत गेलं की संसार मोडतो म्हणतात.”

आमची खोली पोलीस ठाण्याच्या आवारात आहे, पण आम्ही पोलीस नाही, समाजकार्यकर्त्या आहोत. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. इथे अर्ज दिला म्हणजे लगेच गुन्हा दाखल होत नाही. हे मी रोज सांगते, तरी पहिल्या भेटीत कुणाला पटत नाही.

अशीच एक बाई पॅकिंगच्या कामाला जायची. पदर मनगटापर्यंत ओढलेला. याआधी ठाण्यात एकदा अदखलपात्र नोंद (जिचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करत नाहीत) झाली होती, तो कागद तिने घडी घालून पर्समध्ये जपला होता. सासूबाईंना कळू न देता आली होती.

दोन-तीन भेटी सासर, माहेर, नणंदेचं लग्न यांतच गेल्या. मग मी विचारलं, “ताई, त्यांना बोलावलं तर नेमकं काय सांगू?”

“मारणं जरा कमी करा म्हणावं.”

“कमी म्हणजे किती? आठवड्यातून एकदा चालेल?”

ती चिडली. “असं काय विचारता, मॅडम?” मी गप्प राहिले. अशा वेळी धीराचे चार शब्द बोलायचा मोह होतो, तो मी आवरते. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, “एकदाही नको.” आणि त्याच दमात, “माझं एटीएम कार्डही परत पाहिजे. पगार माझा आहे.”

कार्डाचा विषय तोवर एकदाही निघाला नव्हता. मार चालू असतो तोवर बाई बाकी काही मागतच नाही, त्यामुळे तिला फक्त मार थांबायला हवा असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते मारहाण हा रागाचा प्रश्न नाही, घरात कुणाचं चालणार याचा आहे. म्हणून ‘दोघांनी जरा सांभाळून घ्या’ असं मी कधीच म्हणत नाही. समेटांच्या आकड्यावर माझं काम मोजू नये, असं वरिष्ठांनाही सांगून झालंय.

पत्र गेलं, नवरा आला. सोबत थोरला भाऊ. “घरातलं भांडण आहे, इथे कशाला?” मी म्हटलं, “भांडणात दोघं बोलतात. इथे एक मारतो, एक मार खाते.” बाहेर खाकी वर्दी दिसत असते, म्हणून हे वाक्य ऐकून घेतलं जातं, कक्ष पोलीस ठाण्यात असण्याचा खरा उपयोग तो. तिच्या अटी तिनेच वाचल्या. आवाज कापत होता, पण कार्डाची अट तिने दोनदा वाचली. त्याने सही केली. पुढचे काही महिने आम्ही घरी जात राहिलो.

लेखी हमी मोडली तर? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घटस्फोट मागावा लागत नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडणं मात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जीवावर बेतलं असेल तर अर्जाची वाट पाहू नका, ११२ फिरवा. महिलांसाठी १८१ आहेच.

येताना दवाखान्याचे कागद, आधीच्या नोंदीची प्रत, असेल ते आणा. नसेल तरी या. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो.