लंडनमध्ये नुसते चेहरे बघायला वेळ घालवायचा का?

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही मुलाकडे लंडनला जातोय, सोबत सासूबाई पण आहेत. मुलगा म्हणतो नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी बघाच, पण मोठमोठ्या लोकांची नुसती चित्रं बघून आम्हाला काय कळणार, इंग्लंडचा इतिहास शाळेत परीक्षेपुरताच केलेला. जावं का?
– एक वाचक, दादर

उत्तर: जाच हो! फक्त एक लक्षात ठेवा, १८५६ ला ही गॅलरी सुरू झाली तेव्हाच ठरलं की चित्रकार किती भारी हे दुय्यम, माणूस कोण होता ते महत्त्वाचं, त्यामुळे चित्रकलेतलं काही कळत नाही म्हणून बिचकायचं कारणच नाही. आपल्या टाउन हॉलमध्ये नाना शंकरशेटांच्या पुतळ्यासमोर आपण दगड बघतो का, नाना बघतो, तसंच.

सगळं बघायचा हट्ट मात्र नको, पाय दुखतात आणि शेवटी एकही चेहरा आठवत नाही. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर ट्यूडर राजघराण्याकडे जा आणि मग खाली उतरत या. तिथे पहिल्या एलिझाबेथचं जवळजवळ आठ फुटी चित्र आहे, साधारण १५९२ चं, राणी चक्क इंग्लंडच्या नकाशावर उभी आहे, मागे एका बाजूला लख्ख ऊन आणि दुसरीकडे विजा! तेव्हा ती साठीला टेकलेली, पण थाट बघा, सासूबाईंना नक्की आवडेल.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते ब्राँटी बहिणींचं चित्र. तिघी लेखिका, आणि चित्र काढलंय त्यांच्या भावानं, ब्रॅनवेलनं, साधारण १८३४ मध्ये. त्यानं आधी मधोमध स्वतःलाही काढलं होतं, मग स्वतःवर रंग फासून तिथे खांब केला, पण वर्षं गेली तसा तो रंग विरळ झाला आणि आता खांबातून त्याची आकृती पुसटशी दिसते. हे चित्र १९१४ ला आयर्लंडमधल्या एका घरात कपाटावर घडी घालून ठेवलेलं सापडलं, त्या घड्या अजून कॅनव्हासवर आहेत, जवळ जाऊन बघा. शेक्सपिअरचं कानात बाळी घातलेलं चित्र पण चुकवू नका, गॅलरीच्या संग्रहातलं ते पहिलं.

कधीकधी चित्रं दुसरीकडे प्रदर्शनाला गेलेली असतात, तेव्हा जायच्या आधी वेबसाइट बघून घ्या. एंट्री फ्री आहे, स्पेशल एक्झिबिशनलाच तिकीट लागतं. ट्रफाल्गर स्क्वेअरच्या अगदी बाजूला आहे आणि शुक्रवार-शनिवारी रात्री ९ पर्यंत उघडी असते, म्हणजे दिवसभर फिरून संध्याकाळी पण जमेल.