म्युनिकला ये, पण आधी पोरीची चौथी बघ

भावा, तू विचारलंस, म्युनिकची ऑफर आहे, वर्षाला 65 हजार युरो, पोरगी तिसरीत, कोल्हापुरातली, उद्यमनगरातली नोकरी सोडू का, आणि पाच वर्षांत नागाळा पार्कात बंगला होईल का. ब्लू कार्ड म्हणजे नोकरीचा परवाना, व्हिसा, इन्शुरन्स सगळं सरकारी साइटवर आहे, ते वाच.

65 हजारला तू शंभरानं गुणून बसला असशील. सगळेच गुणतात. टॅक्स आणि म्युनिकचं भाडं कुणी वजा करत नाही.

मला सांगायचंय ते शाळेचं. म्युनिक ज्या राज्यात आहे, त्या बव्हेरियात चौथीतच पोरांची चाळणी होते. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर जिम्नॅझियम, म्हणजे सरळ युनिव्हर्सिटीकडं नेणारी शाळा. इथं 1 म्हणजे सगळ्यात भारी. आमच्या पोराची आली 2.66. मे महिन्यात बाईंनी कागद हातात दिला, त्यावर रेआलशूल, म्हणजे त्याच्या खालची, दहावीपर्यंतची शाळा. दहा वर्षांचं पोरगं! आणि आम्ही त्या गावचे, जिथं शाहू महाराजांनी 1917 साली सगळ्यांसाठी मोफत, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

पोरगं मजेत आहे. त्या वाटेनंही पुढं कॉलेजला जाता येतं, हे मला पाठ आहे. तरी इथल्या मराठी गणपतीत कुणी "कुठल्या जिम्नॅझियमला?" म्हटलं की मी मोदकाच्या ताटाकडं सरकतो. माझा जर्मन साहेब भाड्याच्या घरात राहतो, जुन्या सायकलवरनं येतो, त्याला कुणी काही विचारत नाही. ही चौकशी आपलीच, कोल्हापुरातनं बरोबर आणलेली. मागं तिकडं आलो तर चुलत्यानं हात मिळवता मिळवता माझं मनगट वळवून घड्याळाची कंपनी वाचली. वाचून काही बोलला नाही, ते जास्त लागलं. पुढच्या खेपेला मी भारीतलं घड्याळ घालून गेलो.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. सवय होते.

पोरीला आत्ता आणलीस तर भाषेला जेमतेम वर्ष-दीड वर्ष मिळेल, की निकाल हातात. एक वर्ष मागं बसवायला शाळा तयार आहे का, ते सही करायच्या आधी विचार. बर्लिनला ही चाळणी सहावीनंतर होते, तिथं काही मिळत असेल तर पगार थोडा कमी असला तरी बघ. बंगल्याचं नंतर बोलू. पोरीची जर्मनची शिकवणी लावलीस का?