ब्राचा मागचा पट्टा वर चढतोय?

प्रश्न: ताई, मी कायम ३६बी घेते पण दुपारपर्यंत मागचा पट्टा वर सरकतो, खांद्यावर लाल वळ उठतात. दुकानात काउंटरवर काका असले की विचारायची लाज वाटते. घरीच माप कसं घेऊ?

उत्तर: अगं, पट्टा वर चढतो म्हणजे तो सैल आहे, जो भार त्याने पेलायचा तो सगळा खांद्यांवर येतोय. शिवणाची टेप घे, आरशासमोर उभी राहा, श्वास सोडून छातीच्या बरोबर खाली टेप घट्ट धर आणि मागे ती तिरकी होत नाही ना ते बघ, बहुतेक वेळा इथेच चुकतं. ३४ इंच आलं तर तोच तुझा नंबर, विषम आकडा आला तर पुढचा सम घे. मग पॅड नसलेली ब्रा घालून सगळ्यात भरलेल्या भागावरून टेप सैलसर फिरव. दोन्ही मापांतला फरक १ इंच तर कप ए, २ बी, ३ सी, ४ डी. म्हणजे ३७ आलं तर तू ३४सी, आणि घाबरू नको गं, ३४सी नि ३६बीचा कप साधारण तेवढाच असतो, फक्त पट्टा जास्त घट्ट. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतंच म्हणून घालून बघच, नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकवर नीट बसली पाहिजे, इलॅस्टिक सैल झालं की मग आतले हुक वापरायचे. पाळीच्या आधी छाती जड वाटत असेल तर माप नंतर घे.