समासातली उत्तरं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मॅडम, घरी टकळी चालू असते, वर्गात मात्र हिच्या तोंडाला कुलूप.’ सांगतात त्या मुलींच्या आया. मुलांच्या आयांची तक्रार वह्या अपुऱ्या असल्याची. मग ठरलेला निष्कर्ष: मुली लिहून शिकतात, मुलं बोलून, निसर्गच तसा.

निफाडहून एसटीने येणारी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची प्राजक्ता (नाव बदललंय) हा निष्कर्ष स्वतःच घेऊन आली. ‘माझी लर्निंग स्टाइल व्हिज्युअल आहे, म्हणजे मला बघून-वाचून कळतं. ऑनलाइन टेस्ट दिलीय.’ या कप्प्यांवर माझा विश्वास नाही. 2008 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा आधार सापडला नाही.

मीही आधी ‘बिनधास्त बोल’ छापाचा सल्ला देऊन एक तास वाया घालवला. तिसऱ्या भेटीत वही मागितली. समासात पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

‘हे काय?’

‘सरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं.’

‘बरोबर होती?’

‘बहुतेक.’

‘मग वर्गात दिली कोणी?’

‘मागच्या बाकावरच्या पोरांनी. तीही अर्धवट.’

‘तू का नाही देत अर्धवट?’

बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, ‘पोरगा चुकला तर तो चुकतो. मी चुकले तर म्हणतील, पोरींना कोडिंग जमत नाही.’

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीत घडलेली मी. ‘असंच व्हायला हवं’ या हट्टी समजुती माणसाला अडवतात, असं ती मानते. माझा शोध कायम ‘च’चा. ‘बरोबरच यायला हवं’ हा तो ‘च’. इथे तर तो वर्गातल्या सगळ्या मुलींच्या वतीने होता! समासाकडे लक्ष गेलं, याचं मला आजही बरं वाटतं.

गृहपाठ दिला: आठवड्यातून एकदा, खात्री नसताना, ‘सर, मला इथपर्यंतच कळलंय’ म्हणून बोलायचं. आईला सांगितलं, ‘बोललीस का?’ विचारू नका, ‘काय अडलं?’ विचारा. प्राध्यापकांनाही माझं सांगणं असतं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प असणारेही बोलू लागतात. मनात तीन अंक मोजा, एवढंच.

पंधरा दिवसांनी प्राजक्ता आली. ‘चुकलं, मॅडम.’

‘कोण हसलं?’

‘कोणीच नाही. कुणाचं लक्षच नव्हतं.’ याचा तिला जरा रागच आला होता.