पेपर दिल्लीचा, जागा इथली

दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे माझ्या टेबलासमोर फिरून फिरून एकच प्रश्न येऊन बसतो. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिल्लीवाले घेतात, मग आपल्या राज्याच्या बोर्डात शिकून पोरं मागं पडणार नाहीत का?

गेल्या जूनमध्ये तो घेऊन आई, मुलगी आणि मामा आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी पहिलीपासून मराठी माध्यमाची, गावातच शिकलेली, दहावीला नव्वदच्या वर. बोलत होते ते मामाच.

"मॅडम, आता सगळं सीबीएसईच होणार म्हणतात. बोर्डाचं काही खरं नाही. हिला राजस्थानात कोटा शहरातल्या क्लासला टाकतो. बारावी तिथल्याच एका शाळेत नावापुरती दाखवायची, बाकी क्लासवाले बघतात."

आधी अफवा बाजूला केली. २०२५-२६ पासून सीबीएसईच्या धर्तीवर बदलायला लागला तो अभ्यासक्रम, तोही पहिलीपासून. राज्य मंडळ काही बंद होत नाही, आणि या मुलीच्या बारावीला त्याची झळही नाही.

मग कागदावर तीन चौकोन काढले. पहिल्यात बोर्ड लिहिलं. वैद्यकीयसाठी बोर्डाकडून लागतं ते एवढंच: बारावी पास, भौतिक-रसायन-जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४०. दुसऱ्या चौकोनात एनटीए, नीट घेणारी केंद्राची संस्था. पेपर तिचा, ७२० गुणांचा, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, चूक उत्तराला एक गुण वजा. तिसऱ्यात आपला सीईटी कक्ष, राज्याच्या प्रवेश परीक्षा (सीईटी) आणि प्रवेश बघणारा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, उरलेल्या ८५ टक्के हा कक्ष भरतो. या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी दाखला, लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बदल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण ते माहितीपुस्तिकेत शोधायचे, क्लासच्या जाहिरातीत नाही.

मामा चौकोनांकडे बघत राहिले. "म्हणजे बारावी राजस्थानातून दाखवली तर..."

"तर घरच्या ८५ टक्क्यांतून पोरगी बाहेर."

आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आणि सीबीएसई?"

"इथल्याच सीबीएसई कॉलेजात घातली तर नियमाला हरकत नाही. बोर्ड कुठलं, हे कोणी विचारत नाही. शिकली कुठं, ते विचारतात."

लोकांची भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या यादीतून समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या, यादीत गेलं आणि ओढाताण तेव्हापासूनची आहे. पण घराघरात ती कळली २०१६ च्या उन्हाळ्यात. राज्याची सीईटी ५ मे ला होती. त्याच्या आठवडाभर आधी, २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नीटच द्यावी लागेल. पोरांनी तरीही सीईटी दिली. मे संपता संपता केंद्रानं अध्यादेश काढला आणि त्या वर्षापुरत्या राज्याच्या जागा सीईटीवर भरल्या. त्या महिन्यात माझा फोन रात्री अकरालाही वाजायचा. एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, उद्या कुठलं पुस्तक उघडू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षापासून नीट कायमची झाली. इंजिनिअरिंगचं उलटं: राज्यानं २०१४ ला देशपातळीवरची जेईई मेन स्वीकारली आणि दोन वर्षांत परत आपल्या सीईटीवर आलं. असं बघितलेले आईबाप तिसऱ्या बदलाची चाहूल घेत बसले, तर त्यांचं काय चुकलं?

माझं मत विचाराल तर, एक परीक्षा असण्याला माझा विरोध नाही. दहा खासगी कॉलेजांचे दहा फॉर्म आणि दहा फिया मी पाहिल्यात. मला खुपतं ते वर्ग ओस पडलेलं कॉलेज. बारावी फक्त पास व्हायला उरली की हजेरीपटावर नाव असतं आणि मूल क्लासमध्ये.

पण या मुलीची अडचण बोर्डाची नव्हतीच. मी तिला जीवशास्त्राचे दहा प्रश्न दिले, इंग्रजीतले. सहा कोरे ठेवले. त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, स्टोमॅटा म्हणजे? नाही म्हणून मान हलली. म्हटलं, पर्णरंध्र. तिनं ताडकन सांगितलं: पानांवरची छिद्रं, रक्षक पेशी, वायूंची देवाणघेवाण, बाष्पोत्सर्जन. कोऱ्या सहांपैकी चार मराठी शब्द सांगितल्यावर सुटले.

मग वहीत उभी रेघ मारून दिली. डावीकडे तंतुकणिका, उजवीकडे मायटोकॉन्ड्रिया. हरितलवक, क्लोरोप्लास्ट. विकर, एन्झाइम. संवेग, मोमेंटम. रोज पंधरा जोड्या, आणि त्या जोडीनं एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राचं, पुस्तक, कारण नीटला जीवशास्त्राची भाषा तिथलीच भेटते. अकरावी सायन्स इंग्रजीतून सुरू झाल्यावर पहिले चार महिने मुलं गळतात ती इथं. माझ्या मते सीबीएसई-राज्य मंडळ हा वाद तेवढा वेळ खाण्याच्या लायकीचा नाही.

तिनं तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश घेतला. दिवाळीनंतर आली तेव्हा दुसरी वही अर्धी भरली होती. विचारलं, "पेपर मराठीतून मागू का?" मराठी पुस्तिकेत इंग्रजीही छापलेलं असतं, पण अर्थावरून वाद झाला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, हे सांगितलं. फॉर्म भरेपर्यंत वेळ आहे म्हटलं. तिनं पिशवीतून सराव पेपर काढला, एका प्रश्नाच्या मराठी भागावर तळहात ठेवला आणि इंग्रजी वाचलं. मग हात उचलून मराठी वाचलं. "दोन्ही लागतात," म्हणाली.

शेतीचं शिक्षण आणि फार्मसी अजून राज्याच्या सीईटीवरच आहे, आणि तिथं चुकीला गुण वजा होत नाहीत. तोही फॉर्म भरायचं ठरलंय. मामा सध्या डोमिसाइलसाठी सेतूच्या रांगेत असतात.